दीडशे तासांचा कान

आत्याला कानाचं मशीन घ्यायचं ठरलं ते दूधवाल्यामुळे. एका सकाळी तो दारात उभा राहून सांगत होता, की म्हैस आटली, आता आठ दिवस दूध येणार नाही, आणि आत्या त्याला तोंडभर हसून विचारत होती, "मग पेढे कुटं हायत?" तो बिचारा रडकुंडीला आला. मी आतून धावत येऊन त्याची समजूत काढली आणि संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, आता पुरे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला मूलबाळ नाही, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, आणि गेली सहा वर्षं ती आमच्याकडे राहते. त्याआधी नवी पेठेत तिचं ब्लाउजपीस आणि अस्तरांचं दुकान होतं. चाळीस वर्षं तिने तिथे बसून निम्म्या सोलापूरच्या साड्यांना मॅचिंग शोधून दिलं. गिऱ्हाईक मराठी बोललं तर मराठीत, कानडी बोललं तर कानडीत, आणि नुसताच साडीचा पदर पुढे केला तर एक अक्षर न बोलता. त्यामुळे कान कधी जायला लागले ते तिलाही कळलं नाही. रंग काही ऐकून ओळखायचा नसतो.

त्याच नवी पेठेत कानाच्या मशीनचं एक दुकान आहे. तिथल्या बाईंनी आत्याचे कान तपासले आणि बदामाएवढी दोन मशीन दिली, दोन कानांना दोन. सोबत सहा बॅटऱ्यांचं पाकीट. शर्टाच्या बटणाएवढ्या बॅटऱ्या, प्रत्येकीवर नारिंगी स्टिकर.

"स्टिकर काढायचा, मिनिटभर थांबायचं, मग बॅटरी आत बसवून झाकण लावायचं," बाई म्हणाल्या. "झाकण लावलं की मशीन चालू, उघडलं की बंद. एक बॅटरी साधारण दहा-बारा दिवस जाते." एवढं सांगून त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या.

हे माप आत्याला पटलं नाही. परतताना रिक्षात ती धुमसत होती. "दहा-बारा म्हंजे काय? मी कदी गिऱ्हाइकाला म्हनलंय का, ह्यो पीस साधारन पाऊन-एक मीटर हाय म्हनून?"

आता मी शाळेत भूगोल शिकवते. पण आमच्या घरात 'शाळेत शिकवते' एवढंच लक्षात ठेवलं जातं, त्यामुळे गिझर बिघडला तरी मला विचारतात. आत्याने घरी आल्यावर पाकीट आणि माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवलं. "तू मास्तरीन हायस की. बघ किती भरलंय त्यात."

माहितीपत्रकात लिहिलं होतं, बॅटरीची क्षमता तीनशे एमएएच. मशीनच्या पुस्तिकेत होतं, मशीन चालायला लागतात दोन मिलिअँपिअर. मी मोबाईलवर जरा वाचलं, माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी आत्याला शिकवायला बसले. तिथेच चुकलं.

"हे बघ आत्या, बॅटरी म्हणजे आपली गच्चीवरची टाकी. तीनशे हे टाकीचं माप. मशीन म्हणजे नळ. हा नळ तासाला दोन घेतो. मग टाकी किती तास पुरेल?"

सोलापुरात काही दिवसांआड पाणी येतं. टाकी किती आणि नळ किती हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. आत्याने माझ्याआधी उत्तर दिलं. "दीडशे तास."

"बरोबर!" मी वर्गात म्हणते तसं म्हणाले.

"मग रोज दोनच तास ऐकलं तर?"

"पंच्याहत्तर दिवस."

आत्याने पाकिटावरून हात फिरवला. "अडीच महिने. दोन कानाला दोन, सहा बॅटऱ्या म्हंजे साडेसात महिने. दिवाळीपतूर ऐकू येतंय की गं." आणि तिने त्याच क्षणी दोन्ही मशीनची झाकणं उघडून ती समोरच्या स्टीलच्या वाटीत ठेवून दिली. माझं पुढचं वाक्य तिला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात दोन तासांचं ऐकणं सुरू झालं. वेळापत्रक आत्याच्या डोक्यात होतं. अक्कलकोटच्या बहिणीचा कानडी फोन, पाऊण तास, दोन्ही कान. मी शाळेतून आल्यावर अर्धा तास, दोन्ही कान. समोरच्या काकूंना दहा मिनिटं, फक्त उजवा. दूधवाल्याला काही नाही, त्याच्याकडून फक्त दूध घ्यायचं. मालिका ती आवाज न ऐकता बघायची. "कोन वाईट हाय ते भुवयांवरनं कळतंय," म्हणायची, "त्याला बॅटरी कशाला जाळायची?"

ऐकायला सुरुवात करताना ती झाकण लावायची आणि कानडीत म्हणायची, "हेळु." बोल. वेळ संपला की हात वर करून म्हणायची, "साकु." पुरे. मग टिक् करून झाकण उघडायचं, आणि समोरचा माणूस अर्ध्या वाक्यात तोंड उघडं ठेवून बसायचा.

सगळ्यात हाल माझ्या नवऱ्याचे झाले. आत्या त्यांना जावईबापू म्हणते आणि मानही देते, पण वेळ दिला पाच मिनिटांचा, तोही डाव्या कानाने. त्यांना कुठलीही गोष्ट अगदी पहिल्यापासून सांगायची सवय. आरटीओत गाडी पास करून आले, तर बूट सापडत नव्हते इथून सुरुवात. त्यांची गाडी अजून पार्क चौकातच असायची आणि आत्या म्हणायची, साकु. एके दिवशी मी पाहिलं, ते बेसिनच्या आरशासमोर उभे राहून पुटपुटत होते. मला वाटलं काही दुखतंय. तर म्हणाले, "आजचं सांगायचं बसवतोय."

त्या संध्याकाळी त्यांनी आत्याला दोन वाक्यांत सांगितलं, "मोडनिंबजवळ ट्रक उलटला होता. रस्ताभर डाळिंबं."

आत्या म्हणाली, "आनखी?"

आणखी! बावीस वर्षांच्या संसारात मी त्यांचा चेहरा इतका फुललेला पाहिला नव्हता. आत्याने स्वतःहून दुसऱ्या मशीनचं झाकण लावलं आणि उजवा कानही त्यांना दिला. ही बातमी गल्लीत गेली. समोरच्या काकू मला भाजीवाल्यापुढे गाठून म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांना दोन्ही कान, आणि आम्ही काय परके?" मी म्हटलं, काकू, तुम्ही थोडक्यात बोला. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण तिसऱ्या दिवशी त्या आत्याकडे आल्या आणि सुनेविषयीची सगळी तक्रार त्यांनी सहा मिनिटांत इतकी नेटकी मांडली की मीही हातातलं काम सोडून ऐकलं.

दरम्यान आत्याला आकड्यांचा नाद लागला. घरातली जी वस्तू दिसेल ती उलटी करून ती विचारायची, ह्यात किती भरलंय? माझ्या मोबाईलवर पाच हजार निघाले. आत्या दुखावली. "मोबाईलला पाच हजार आनि मानसाच्या कानाला तीनशे?" मग जिन्याखालचा इन्व्हर्टर. त्याच्या बॅटरीवर दीडशे लिहिलेलं पाहून तिला आधी बरं वाटलं, आपल्यापेक्षा गरीब कुणीतरी आहे. पण मला गप्प राहवलं नाही. मी सांगितलं, ते एमएएच नाही, नुसतं एएच आहे. म्हणजे हजाराने गुणायचं. दीड लाख.

आत्या जिन्याखाली वाकून त्या बॅटरीकडे बराच वेळ बघत राहिली. "दीड लाखाला दोनानं भाग."

"पंच्याहत्तर हजार तास. सलग ऐकलं तरी साडेआठ वर्षं."

"ही कानाला जोडता येती का?"

"आत्या, ती बारा व्होल्टची आहे," नवरा घाईने म्हणाला. "कान जळेल."

आत्याने विचार केला. "ऱ्हाऊ दे. साडेआठ वर्षं ऐकन्यासारकं कोन बोलतंय?"

या सगळ्यात एका माणसाला आत्याने एक मिनिटही दिलं नव्हतं. ते मंद्रूपचे भावजी, तिच्या यजमानांचे धाकटे चुलतभाऊ. भला माणूस. कामासाठी सोलापूरला आले की आमच्याकडे येऊन आत्याच्या कॉटशेजारी खुर्ची ओढायचे आणि दीड तास बोलायचे. "भावजी सोन्यासारका मानूस हाय," आत्या म्हणायची, "पन त्येनी तोंड उगडलं की पाट फुटल्यावानी. माजा दिवसाचा सगळा रतीब तितंच संपायचा." म्हणून ते जिन्यात दिसले की ती दोन्ही मशीन काढून त्यांच्यासमोर वाटीत ठेवायची आणि मग दीड तास मान हलवत बसायची. मला लाज वाटायची. पण भावजींना राग आला नाही. उलट पूर्वी महिन्यातून एकदा यायचे, ते आता आठवड्याला यायला लागले.

बाविसाव्या दिवशी दुपारी आत्या तीन वेळा दार उघडून आली. बाहेर कुणी नाही. "बेल वाजतीया," ती म्हणाली. आम्हाला कुणालाच बेल ऐकू येत नव्हती. चौथ्यांदा ती दारापर्यंत गेली आणि मधेच थांबली, कारण बेलही बंद झाली आणि जगही. बॅटरी संपताना मशीन कानात टुंगटुंग करतं, ती ही बेल होती.

आत्या कॉटवर बसली. हिशेब तोंडपाठ होता. "बावीस दुने चव्वेचाळीस. दीडशेतनं चव्वेचाळीस गेलं. माजं एकशे सहा तास कुटं गेलं?"

 आत्याला एकच उत्तर दिसत होतं: तिच्या माघारी कुणीतरी तिचा कान वापरत होतं. तिने माझ्या नवऱ्याला समोर बसवलं.

"जावईबापू, खरं सांगा. मी झोपल्यावर तुमी मशीन घालताय का?"

"मी कशाला घालू? मला ऐकू येतं!"

हे आत्याला ऐकू गेलं नाही, कारण मशीन बंद होतं. नव्या बॅटऱ्या फोडायला ती तयार नव्हती. शेवटी नवऱ्याने पाटीवर लिहून दिलं, मी तुमचा कान वापरलेला नाही, आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि आम्ही दोघी नवी पेठेत गेलो. आत्याने त्या दोन मेलेल्या बॅटऱ्या रुमालात बांधून घेतल्या होत्या. दुकानात शिरताच तिने गाठ सोडून त्या काचेच्या टेबलावर ठेवल्या. "एकशे सहा तास कमी भरलेत, बाई. मी चाळीस वर्षं हितंच दुकान केलं. मीटरला दोन बोटं जास्तच कापली, कमी न्हाई."

बाईंनी शांतपणे नव्या बॅटऱ्या बसवल्या, आत्याच्या कानांत मशीन घातली आणि विचारलं, "मावशी, रोज किती वेळ घालता?"

"दोन तास. मोजून."

"आणि उरलेला वेळ?"

"बंद. झाकन उगडं ठेवून वाटीत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या कानाच्या प्लास्टिकच्या नमुन्याकडे पाहिलं.

"अहो मावशी, ही बॅटरी हवेवर चालते," बाई म्हणाल्या. "हिला बारीक भोकं असतात, त्यावर तो नारिंगी स्टिकर असतो. स्टिकर काढला की हवा आत जाते आणि बॅटरी जागी होते. मग तुम्ही ऐका नाहीतर वाटीत ठेवा, ती आतून वाळत जाते. आपल्या इथल्या उन्हात तर आणखी लवकर. तीनशे हा आकडा खोटा नाही, पण तो सकाळी घातलं आणि झोपताना काढलं, असं वापरलं तर हाताला लागतो. वाचवून ठेवता येत नाही."

"परत स्टिकर चिटकवला तर?"

"उपयोग नाही."

आत्याने रुमालाची घडी केली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे मी ऐकत नव्हते तवाबी बॅटरी ऐकत हुती?"

"ऐकत नव्हती मावशी. आटत होती."

आत्या माझ्याकडे वळली. मला वाटलं आता ऐकावं लागणार. पण ती एवढंच म्हणाली, "टाकी सांगितलीस. टाकीला झाकन न्हाई ते सांगितलं न्हाईस."

बाहेर पडल्यावर तिने मशीन काढली नाहीत. भर दुपारची नवी पेठ, रिक्षांचे हॉर्न, "या ताई, बघून तर जा" म्हणणारी पोरं, कुठेतरी शटर खाली ओढल्याचा आवाज. आत्या प्रत्येक हाकेला ओ देत चालली होती. एका मॅचिंगच्या दुकानापुढे ती थबकली. आत एक बाई राणी रंग मागत होती आणि दुकानदार तिला दुसरंच काही दाखवून तोच राणी आहे म्हणत होता. आत्या पायरी चढून आत गेली. मी तिला बाहेर आणेपर्यंत तिने त्याच्याकडून चार ठाणं काढायला लावली होती.

घरी आल्यावर दुसरं पर्व सुरू झालं, आणि ते पहिल्यापेक्षा अवघड होतं. आता बॅटरी चालूच होती. चालू आहे आणि कुणी बोलत नाही, म्हणजे नळ सोडून ठेवल्यासारखं. आत्याला ते बघवेना. "बोला की! नुसतीच चाललीया!" जेवताना बोला, भाजी निवडताना बोला. मालिकेचा आवाज मोठा झाला आणि आत्याला कळलं, की ज्या बाईला ती तीन आठवडे वाईट समजत होती ती डॉक्टर होती. दूधवाला आता दारात वीस मिनिटं उभा राहून म्हशीची प्रकृती सांगायचा. मागच्या गल्लीतल्या लोकांचा चहा त्यामुळे उशिरा व्हायला लागला. समोरच्या काकूंनी सुनेवरचं सगळं दोन दिवसांत संपवलं आणि तिसऱ्या दिवशी खिडकी लावून घेतली. नवऱ्याने बूट, आरटीओ, कॉलेज असं मागे मागे जात गुरुवारी पहिलीचा वर्ग गाठला, आणि शुक्रवारी म्हणाला, "आत्या, माझं संपलं." मी शेवटी सातवीचं भूगोलाचं पुस्तक मोठ्याने वाचायला घेतलं. आत्याने वाऱ्यांचा धडा दोनदा ऐकला.

मग तिला भावजी आठवले. तिने स्वतः मंद्रूपला फोन लावला. "भावजी, माजं चुकलं. तुमी एवडं बोलत हुता आनि मी बंद ठेवून बसले. आता या. दोनी कान चालू हायत. सकाळपासनं संध्याकाळपतूर बोला."

भावजींनी पलीकडून आधी वांगी हवीत का ते विचारलं. मग म्हणाले, "येतो की."

आले ते दोन दिवसांनी, वांग्यांची पिशवी घेऊन. खुर्ची ओढली. आत्या ताठ बसली, पदर कानामागे सारून मशीन दाखवली आणि म्हणाली, "हेळु."

भावजींनी घसा साफ केला. "पाऊसपानी..." म्हणाले आणि थांबले. पंख्याकडे बघितलं. पाणी प्यायले. "रस्त्याचं काम चाललंय," म्हणाले, आणि परत थांबले. मी चहा ठेवला तोवर त्यांनी आणखी एक वाक्य केलं होतं, वांग्यांबद्दल. दीड तास न थांबता बोलणारा तो माणूस मुलाखतीला आल्यासारखा गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता.

"काय झालं भावजी? बरं हाय न्हवं?" आत्या म्हणाली. "बोला की. बॅटरी चाललीया."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं, मग वाटीकडे. वाटी रिकामी होती.

"वैनी, राग मानू नगा," ते म्हणाले. "तुमी ते काढून ठेवा. मग बोलतो."

आत्याला वाटलं मशीन नीट चालत नाही. "काय?"

"तुमाला ऐकू येत न्हाय म्हनून तर मी येत हुतो, वैनी. घरात बोललं तर पोरं ऐकत्यात, सून ऐकती. पारावर बोललं तर गाव ऐकतंय. तुमी मान हलवत हुता आनि ऐकत न्हवता. लई हलकं वाटायचं."

चहा उतू गेला तो मी नंतर पुसला.  आत्याचे दोन्ही कान चालू, साठेक तास बाकी. मग तिने एकेक मशीन काढलं, टिक्, टिक् करून झाकणं उघडली आणि दोन्ही वाटीत ठेवली. तिने खुर्चीकडे तोंड करून मान हलवली.

भावजी बोलायला लागले. पहिलं वाक्य माझ्या कानावर पडलं, त्यात त्यांच्या थोरल्या मुलाचं नाव होतं आणि आवाज फाटलेला होता. मी पातेलं तसंच ठेवून गच्चीवर गेले आणि वाळलेले कपडे पुन्हा एकदा झटकून दोरीवर घातले. आमचे हे खाली अंगणात स्कूटर पुसत होते. त्यांनी वर बघून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पुसत राहा. ती स्कूटर त्या दिवशी दोनदा पुसली गेली.

तासाभराने मी खाली आले तेव्हा भावजी चपला घालत होते. डोळे लाल होते, पण चेहरा धुतल्यासारखा. आत्या वाटीतून मशीन उचलून कानांत बसवत होती. भावजी जिना उतरून गेटपर्यंत गेले.

"काय म्हनत हुते भावजी?" आत्याने मला हळू विचारलं.

"मी नाही ऐकलं."

"बरं केलंस."

गेटवरून भावजींनी मागे वळून हाक मारली. "वैनी, वांगी आजच करा. उद्या बिया धरत्याल!"

"करते की!" आत्या इथूनच ओरडली, गरज नसताना फार मोठ्याने, आणि मला विळी आणायला सांगितलं.